बेड नंबर सात

माझी आत्या तलावाचा ताप घेते.

अगदी खरोखर घेते. पहाटे पाण्याच्या कडेला उकिडवी बसते, कापडी पिशवीतून थर्मामीटर काढते, त्याला बांधलेला दोरा बोटाला गुंडाळते आणि ते पाण्यात सोडते. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत गप्प राहते. थर्मामीटर माणसाचं नाही. लसींच्या फ्रिजमध्ये ठेवतात तसलं, लांब काचेच्या कांडीचं. दवाखान्यानं जुनं म्हणून टाकायला काढलं तेव्हा आत्यानं मागून घेतलं. ते वर ओढून, चष्मा कपाळावर चढवून, उजेडाकडे धरून ती वाचते आणि निकाल देते.

"एकोणतीस. चालते. बस खाली, आवाज नको करू."

किंवा, "एकतीस! याले तं ताप हाय बाप्पा. चाल घरी."

आणि आम्ही खरंच घरी जातो. अंधारात उठून, अमरावतीहून तिवशाच्या रस्त्यानं स्कूटी दामटत आलेल्या आम्ही दोघी, काठीची पिशवीसुद्धा न उघडता परत फिरतो. ताप असलेल्या पेशंटला उगाच त्रास द्यायचा नसतो.

प्रमिलाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. सगळी नोकरी तिनं अकोल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत केली. निवृत्त झाली तेव्हा सिस्टर इन्चार्ज होती आणि मनानं अजूनही आहे. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलं की ती "ड्युटी होती" एवढंच सांगते, जणू लग्न सकाळच्या पाळीत होतं आणि ती रात्रपाळीला. आता आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्या घरी फ्रिजमधली कालची भाजी आयसीयूत असते, पाहुण्यांना डिस्चार्ज मिळतो आणि कुकरचं झाकण अडकलं की ती हात धुऊन मगच त्याला हात लावते. माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना आत्याचं "मी येतो, मी जातो, मी पायतो" मुळीच खपलं नसतं. पण त्या बाईंची आणि आत्याची गाठ पडली असती तर पहिलं बीपी बाईंचंच तपासलं गेलं असतं.

तिची आणखी एक खोड आहे. ती बायकांच्या पायांकडे बघते. बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर, समोरून बाई आली की आत्याची नजर आधी खाली जाते आणि मग वर. आईचं मत, ती पायाची सूज बघते. मला लहानपणी वाटायचं, ती नखं बघते, म्हणून तिच्याकडे जाताना मी मोजे घालायचे.

तर ही आत्या गळ टाकते. पण आपल्याकडे टाकतात तसा नाही. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. तिच्या गळाला असते खोटी माशी, पिसं, केस आणि दोरा यांची घरी बांधलेली. माशीला वजन नसतं, म्हणून ती फेकता येत नाही. फेकायची ती तिच्यामागची जाड दोरी. ती हवेत मागे-पुढे झुलवायची आणि शेवटी माशी अशी उतरवायची की पाण्याला पत्ता लागू नये. परदेशातल्या थंड नद्यांवर साहेब लोक हा खेळ खेळतात. वऱ्हाडातल्या मे महिन्यात, अर्ध्या आटलेल्या तलावावर, साडी खोचून आणि डोक्याला दुपट्टा बांधून तो खेळणारी बाई माझ्या माहितीत एकच.

याची सुरुवात मच्छरदाणीपासून झाली. दवाखान्यातले एक डॉक्टर बदलून गेले तेव्हा त्यांच्या क्वार्टरमध्ये एक लांब नळकांडं राहिलं. आत्यानं फोन केला तर म्हणाले, "राहू द्या सिस्टर, तुम्हीच वापरा." आतले तुकडे एकमेकांत घातले की लांब, लवचिक काठी व्हायची. आत्यानं ठरवलं, हे मच्छरदाणीचंच सामान. कित्येक वर्षं तिच्या पलंगाच्या एका कोपऱ्यात मच्छरदाणी त्या काठीवर टांगलेली होती आणि तो कोपरा कायम नमस्कार केल्यासारखा वाकलेला असायचा. माझं कॉलेज संपल्यावर मी एकदा तिच्याकडे झोपायला गेले, काठीवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि फोनवर शोधलं.

"आत्या, हा मासे धरायचा रॉड आहे."

आत्या उठून बसली. "म्हणजे मी इतके वर्षं गळाखाली झोपून रायलो?" मग विचार करून म्हणाली, "तरी मी म्हणतो, झोप काहून लागत नाई."

दुसऱ्या दिवसापासून माझी नेमणूक झाली. मी कानाला हेडफोन लावून परदेशी लोकांची भाषणं टाइप करण्याचं काम करते. माणसं ऐकायची, पण त्यांच्याशी बोलायचं नाही. जणू माझी चौकशी करूनच कुणी हे काम काढलं असावं. आत्याला ते काम वाटतच नाही. "तुले कॉन्व्हेंटात घातलं, त्याचा काही उपयोग तं झाला पायजे," असं म्हणून तिनं संध्याकाळी मला फोनसमोर बसवलं. त्यात एक पांढऱ्या दाढीचा परदेशी आजोबा गुडघाभर पाण्यात उभा राहून शिकवायचा आणि मी वाक्यावाक्याला मराठी करायचे. आत्या त्याला बुढा म्हणते. "लाव वं पोट्टी बुढ्याले," अशी आमची संध्याकाळ सुरू व्हायची. त्या दिवसांत मी एका संध्याकाळी जेवढं बोलायचे तेवढं एरवी आठवड्यात बोलत नसेन. त्यात माझं स्वतःचं काही नव्हतं, सगळं बुढ्याचं होतं, म्हणून जमायचं.

बुढ्यानं पहिला मासा धरला आणि त्याच्या तोंडातला हूक काढायला खिशातून एक चिमटा काढला, तेव्हा आत्या ओरडली, "थांबव! थांबव! हा तं आमच्या ऑपरेशन थेटरातला आर्टरी फोर्सेप हाय!" होताच तो. तिच्या कपाटात तसे दोन होते. पुढे बुढ्यानं दोरा जोडायची एक गाठ शिकवली. मी म्हणाले, "हिला सर्जनची गाठ म्हणतात." आत्यानं माझ्या हातातला दोरा घेतला, बुढ्याचं बोलणं संपायच्या आत गाठ मारली आणि फोनकडे बघत म्हणाली, "मंग? पुढं सांग."

खोट्या माश्यांचा कारखाना घरातच निघाला. मागच्या गल्लीतला एक कोंबडा आत्याला पाहिलं की भिंतीवर चढतो, त्याला कारण आहे. शेजारच्या कुत्र्याला उन्हाळ्यात फुकट कटिंग मिळते, त्यालाही कारण आहे. माझ्या शाळेच्या बाटलीहिरव्या स्वेटरची एक बाही गायब झाली आणि काही दिवसांनी तिचा बेडूक होऊन परत आली. दोन पाय, पोटाला पांढरी लोकर, डोळ्यांच्या जागी काळे मणी. आईला तो इतका खरा वाटला की तिनं झाडू आणला.

सरावासाठी गल्ली होती. आत्या रस्त्यात स्टीलच्या ताटल्या मांडायची आणि ओट्यावरून त्यात माशी उतरवायची. पहिल्या महिन्यात माशी सगळीकडे उतरली, फक्त ताटलीत नाही. समोरच्यांच्या दोरीवरचा टॉवेल आला, माझी ओढणी आली, एकदा दूधवाल्याच्या कॅनचं झाकण आलं. हुकाचा उलटा काटा तिनं फोर्सेपनं दाबून सपाट केलेला असतो, म्हणून कुणाला इजा झाली नाही. दूधवाला मात्र तेव्हापासून कोपऱ्यावरूनच हाक मारतो.

विहारात एका बाईंनी तिला गाठलंच. "सिस्टर, पंचशील घेता अन् मासे मारता?"

"मारत नाई," आत्या म्हणाली. "तपासतो."

आणि ते खरं आहे. ती मासा धरते, ओल्या हातानं पाण्यातच आडवा धरून त्याचे कल्ले बघते, डोळे बघते, हूक काढते आणि "जा, डिस्चार्ज," म्हणून सोडते. आजवर तिनं एकही मासा घरी आणलेला नाही. आमच्या घरात मासे सगळ्यांनाच आवडतात, त्यामुळे याबद्दल थोडी नाराजी आहे.

आमचा तलाव लहानसा आहे. एका बाजूला मातीची पाळ, बाकी तिन्हीकडे काळी शेतं. तिथल्या माशांचा हक्क गावातल्या मच्छीमारांच्या सोसायटीचा, आणि राखण करतात ते दशरथकाका. तोंडात कायम खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तोबरा, त्यामुळे बोलायच्या आधी ते आभाळाकडे तोंड करतात. पहिल्या दिवशी ते आम्हाला हाकलायलाच आले होते. आत्यानं त्यांना पाळीवर बसवलं, बीपीचा पट्टा बांधला आणि खर्रा थुंकायला लावला. तेव्हापासून आम्हाला परवानगी आहे आणि त्यांना गोळी चालू आहे.

त्यांना एकच गोष्ट कळत नाही. "सिस्टर, सोडूनच द्यायची तं धरता काहून?"

"तुमचं बीपी पायलं तं तुमाले घरी घेऊन गेलो का मी?"

दशरथकाका आभाळाकडे बघून बराच वेळ हसले.

तलावातले बहुतेक मासे आत्याच्या लेखी ओपीडीतले. आले, तपासले, गेले. भरती झालेली एकच आहे, बेड नंबर सात. ही मोठी मरळ. लांब, काळपट, सापासारख्या डोक्याची, आणि शेपटीच्या वरच्या कडेला कधीतरी कुणीतरी तोडलेला अर्ध्या चंद्राच्या आकाराचा तुकडा नाही. आत्यानं तिला पहिल्यांदा धरलं तेव्हा तिनं काठी वाकवली, दोरा बाभळीच्या खुंटाला गुंडाळला आणि सोडताना आत्याच्या तोंडावर पाणी उडवलं. "हे सात नंबरचंच पेशंट," आत्या तोंड पुसत म्हणाली. तिच्या वॉर्डात सात नंबरच्या बेडवर नेहमी भांडखोरच यायचे म्हणे. पुढच्या वर्षी मरळ पुन्हा गळाला लागली. शेपटी दिसताच आत्या म्हणाली, "आली का परत? गोळ्या घेतल्या नसतीन." त्या दिवशी परतीच्या वाटेवर ती गाणं गुणगुणत होती. आत्या आणि गाणं!

ताप मोजण्याचा नियमसुद्धा बुढ्याचाच. एका संध्याकाळी त्यानं सांगितलं की उन्हाळ्यात पाणी कमी आणि गरम झालं की त्यात माशांना श्वास पुरत नाही. अशा वेळी धरलेला मासा सोडला तरी बरेचदा वाचत नाही. तेव्हा घरी बसा. मी भाषांतर केलं. आत्यानं ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. बुढ्यानं दिलेला आकडा मात्र इतका थंड होता की आमच्या तलावानं तो जानेवारीतही पाहिला नसेल. "त्याच्या हिशोबानं तं आपला तलाव कवाचाच मेला," आत्या म्हणाली आणि वऱ्हाडासाठी तिनं स्वतःचा आकडा ठरवला, तीस. तिसाच्या वर गळ नाही.

यंदाच्या मे महिन्यात पाणी फारच खाली गेलं. तलाव पाळीजवळच्या खोलगट डोहापुरता उरला. बाकी सगळीकडे भेगा पडलेला गाळ, त्यातून वर आलेले बाभळीचे जुने खुंट आणि त्यांवर बसलेले बगळे. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडायचे. "दम लागला हाय त्याईले," आत्या म्हणायची आणि काठी न काढता नुसती बसून राहायची. मग एके दिवशी दशरथकाका पाळीवरून उतरून आले. त्यांनी खर्रा आधीच थुंकलेला होता, त्यावरून गोष्ट गंभीर आहे हे कळलं.

"सिस्टर, रविवारी जाळं ओढतो. पाणीच नाई रायलं. आता नाई काढले तं चिखलात मरतीन अन् बगळे खातीन."

आत्यानं मान हलवली. यात त्यांचं चुकत नव्हतं. ते त्यांचं वर्षाचं पीक होतं आणि उभं पीक कुणी सोडत नाही.

"त्यातली एक मले देता का? सात नंबर?"

"बाप्पा! जाळ्यात मरळ आली तं ती नंबर सांगते का? एकावर एक पडते सगळे. व्यापारी काठावरच उभा रायते, जित्ती मरळ आधी उचलते."

"मंग मीच धरतो. रविवारच्या आधी."

"धरा न." त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "धरली तं तुमची. नाई धरली तं माही."

घरी येताना आत्या मागच्या सीटवरून म्हणाली, "इथं सोय नाई आता. रेफर करा लागते." कुठे, हे तिनं ठरवलेलंच होतं. तिवशाजवळच्या आमच्या शेतातली विहीर. ती कधी आटत नाही. आमच्याकडे पेशंट नागपूरला रेफर होतात. मरळ तिवशाला होणार होती.

गुरुवारी आम्ही गेलो. एकतीस. आत्या पाण्याकडे बघत बसली आणि परत फिरली. शुक्रवारी एकतीसच्याही वर. परत. वाटेत मी ब्रेक मारला तरी ती रागावलीसुद्धा नाही. मला काहीतरी म्हणावंसं वाटत होतं, पण मी भाषांतर करते, मला स्वतःची वाक्यं पटकन सुचत नाहीत.

शनिवारी थर्मामीटर वर आलं ते बत्तीस. आत्यानं ते उजेडाकडे खूप वेळ धरलं. मी उठून स्कूटीकडे निघाले.

"कुठं चालली?"

"घरी. बत्तीस आहे ना."

तिनं थर्मामीटर पदराला पुसलं आणि पिशवीत ठेवलं. "इमर्जन्सी हाय."

"अन् मरळीले काही होत नाई," दशरथकाका पाळीवरून म्हणाले. ते मजा बघायला आधीच येऊन बसले होते. "ते वर येऊन हवा घेते. तिचं फुप्फुस निराळं हाय."

"मले माईत हाय!" आत्या खेकसली. मग हळूच मला म्हणाली, "खरं सांगून रायला का वं तो? बुढ्याले इचार." मी फोन काढला, शोधलं आणि मान हलवली. तिचा चेहरा एकदम खुलला.

पाणी उथळ असलं की माशांना काठावरचा माणूस दिसतो, म्हणून उभं राहायचं नाही. आत्यानं घरून पाट आणला होता. तो गाळावर टाकून ती मांडी घालून बसली, जेवायला बसल्यासारखी, आणि माझ्या स्वेटरचा बेडूक दोऱ्याला बांधला. पहिल्या फेकीत बेडूक बाभळीच्या खुंटावर जाऊन बसला. दुसऱ्या फेकीत एका चिमुकल्या माशानं त्याचा पाय धरला. "ओपीडी बंद हाय आज," म्हणून आत्यानं त्याला झटकून टाकलं. तिसऱ्या फेकीत मागे झुललेली दोरी दशरथकाकांची टोपी घेऊन आली.

"सिस्टर, मी मरळ नाई."

"चूप बसा हो तुमी! बीपी वाढते."

मग डोहाच्या पलीकडच्या कडेला पाणी फुगलं. एक काळं डोकं वर आलं, हवेचा घोट घेतला आणि खाली गेलं. आत्याचा हात थांबला. इतका वेळ थरथरणारी ती काठी एकदम सलाईनच्या स्टँडसारखी स्थिर झाली. दोरी मागे गेली, पुढे आली आणि बेडूक त्या वलयाच्या थोडा पुढे उतरला. आवाज झाला नाही. आत्यानं दोरा बोटानं ओढला. बेडूक हलला, थांबला, हलला.

पाणी फुटलं.

आत्या पाटासकट सरकली. काठी वाकून तिच्या जुन्या मच्छरदाणीच्या कोपऱ्यासारखी झाली. मरळ डावीकडे, खुंटांकडे, निघाली होती आणि तिथे दोरा गुंडाळला की खेळ संपला. आत्या उठायला गेली तर दोन्ही पाय घोट्यापर्यंत गाळात. "मले उठता येऊन नाई रायलं वं!"

तेव्हा मी काय केलं ते मला दशरथकाकांनी नंतर सांगितलं. मी चपलांसकट गाळात उतरले, खुंट आणि मरळ यांच्या मधे जाऊन उभी राहिले, दोन्ही हातांनी पाणी बडवलं आणि ओरडले, "सोडू नको वं आत्या! ओढ न! ओढ!" कॉन्व्हेंटातली सगळी वर्षं त्या डोहात बुडाली. बगळे उडाले. मरळ वळली.

ती हाताशी आली तेव्हा मी ओल्या टॉवेलनं तिला धरलं. तिच्या अंगात इतकी ताकद होती की माझे दात वाजले. आत्या गाळातून रांगत आली, फोर्सेपनं हूक काढला आणि आधी शेपटी पाहिली. अर्धा चंद्र.

"सातच हाय," ती म्हणाली. तिला धाप लागली होती.

दशरथकाकांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "न्या," म्हणाले. मग माझ्या गाळात रुतलेल्या एका चपलेसाठी हात घालून शोधू लागले. ती अजून सापडलेली नाही.

रंगाची रिकामी बादली, तिच्या झाकणाला भोकं, वर ओलं पोतं. बादली आमच्या दोघींच्या मधे. मी एकाच पायात चप्पल घालून स्कूटी चालवत होते आणि आत्या मागून झाकणाला कान लावून, "चालू हाय श्वास, चालू हाय," असं सांगत होती. एका वळणावर बैलगाडी आडवी होती.

"हॉर्न वाजव! वाजवतच राय!"

"आत्या, लोक बघतात."

"पाऊ दे न! पेशंट हाय मधात!"

तिवशाच्या फाट्यावर चहाच्या टपरीवरच्या एकानं विचारलंच, "काय हाय बकेटात?" आत्यानं मानसुद्धा वळवली नाही. "सिरीयस केस," म्हणाली, आणि तो माणूस खरंच बाजूला झाला.

शेतात बाबा वाट बघत होते. "ताई, विहिरीचं पाणी आमी पेतो न. त्यात मासा सोडतं?"

"मंग उकळून प्या म्हणून किती वर्षं सांगून रायलो?"

बादलीला दोर बांधून आम्ही ती हळूहळू खाली सोडली. पाण्याला टेकल्यावर बादली कलंडली. मरळ क्षणभर कडेशी थांबली, मग त्या गार, काळ्या पाण्यात खाली गेली. बाबा चहा ठेवायला झोपडीकडे गेले. मी हातपाय धुतले. आत्या मात्र विहिरीच्या कठड्याला धरून उभीच होती. बाबांनी हाक मारली, पुन्हा मारली.

"आत्या, चहा."

"पाय वं, वर येते का ते."

"येईल. तिला हवेला यावंच लागतं."

"हो." मग विहिरीकडेच बघत बोलू लागली, जणू तिथे खाली कुणी ऐकत होतं. "आमी लय रेफर केले. सलाईन लावायचं, गाडीत टाकायचं, नातेवाइकाले मागं बसवायचं. गाडी गेटाबाहेर गेली की झालं. पुढं काय झालं ते कोणी सांगाले येत नाई. काहून येईन? बरा झाला तं घरी जाते, मेला तं घरी जाते."

मी तिच्या शेजारी कठड्याला टेकले.

"एक पोट्टी होती. तुह्याएवढीच. बाळंतपणाची. पायात चांदीचे तोडे, जाड, तिच्या आजीचे म्हणे. गाडीत टाकलं तं माहा हात सोडे नाई. मी म्हटलं, जा वं, तिथं चांगले डॉक्टर हायेत, वापस येशील तं पेढे घेऊन येजो." आत्यानं कठड्यावरची माती बोटानं झाडली. "लय जोरात धरला होता हात."

तोडे. मी तिच्याकडे पाहिलं. बसमध्ये, मांडवात, बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर, आधी खाली जाणारी आणि मग वर येणारी तिची नजर मला आठवली. ती सूज बघत नव्हती. नखंही बघत नव्हती.

विहिरीत पाणी फुगलं. काळं डोकं वर आलं, हवेचा घोट घेतला, खाली गेलं.

"हं," आत्या म्हणाली. "चाल, चहा पिऊ."

त्यानंतर आत्या शेतावर गेलेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "रेफर केल्यावर मागं मागं नाई जात बाई. नवीन सिस्टरले राग येते. त्याईनंच कळवलं पायजे." बाबा रोज शेतावर असतात, पण त्यांना विचारलं की ते म्हणतात, "विहिरीत मासा हाय, अजून काय सांगू?" म्हणून रविवारी मी जाते. कठड्याला टेकून उभी राहते. कधी लगेच दिसते, कधी बराच वेळ लागतो. डोकं वर येतं, घोट घेतं, वळताना शेपटी दिसते. मग मी फोन काढते. मला फोन करणं अजिबात आवडत नाही. लोकांचं बोलणं टाइप करायला मी कितीही वेळ बसेन, पण समोर घंटी वाजत असताना पहिलं वाक्य शोधणं मला जमत नाही. या एका फोनचं वाक्य तेवढं मला ठरलेलं आहे.

दुसऱ्याच घंटीला आत्या उचलते. नाव स्क्रीनवर दिसत असतं, तरी तिचा ड्युटीवरचा आवाज येतो. "कोण बोलून रायलं?"

"तिवसा," मी सांगते. "बेड नंबर सात. आत्ता वर आली होती."

"शेपटी पायली का?"

"पाहिली. बरी आहे."

मग मागे तिच्या घरातला पंखा तेवढा फिरताना ऐकू येतो. मी फोन ठेवत नाही. मला माहीत असतं, ती अजून तिथेच आहे.

"कळवलं," आत्या म्हणते, "लय बरं केलं."